मुघल रोड : नाव बादशहाचं, रस्ता कोणाचा?

जम्मू-काश्मीरच्या पुंछ जिल्ह्यात बफलियाज नावाचं एक छोटं गाव आहे. तिथून निघालेला डांबरी रस्ता पीर पंजालची डोंगररांग ओलांडतो आणि ८४ किलोमीटरनंतर काश्मीर खोऱ्यात शोपियानला उतरतो. सरकारी कागदात आणि लोकांच्या तोंडी त्याचं नाव एकच : मुघल रोड. रस्त्याचा माथा म्हणजे पीर की गली ही खिंड. तिची उंची साधारण ३,४८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. हिवाळ्यात हा रस्ता बर्फाखाली जातो आणि कित्येक महिने बंद राहतो.

गेल्या जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडण्याआधी, आम्ही तीन शिक्षक मित्र या रस्त्यानं गेलो. राजौरीहून भाड्यानं सुमो घेतली होती आणि चालक सुरनकोटचा होता. पण हा लेख प्रवासवर्णन नाही. मी शाळेत मुलांना शिकवतो, आणि 'मुघल' हा शब्द वर्गात आला की काय होतं ते मला रोज दिसतं. काही मुलं तोंड वाकडं करतात. आपली काही मुलं उगाच छाती पुढे काढतात, तर काही मान खाली घालतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही घराण्याचा बाबर-अकबराशी काडीचा संबंध नसतो. तरीही बादशहाच्या प्रत्येक कृत्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे, असं त्यांना वाटतं. या रस्त्याचा इतिहास वाचताना आणि तो रस्ता डोळ्यांनी पाहताना या गोष्टीवर मला जे सुचलं, ते इथे लिहितो आहे.

आधी नावाचं बघू. अकबराच्या फौजांनी काश्मीर घेतलं १५८६ मध्ये. बादशहा स्वतः तिथे पहिल्यांदा गेला तो १५८९ मध्ये. म्हणजे या वाटेला मुघलांचा पाय लागून सव्वाचारशेच्या वर वर्षं झाली. वाट मात्र त्याहून फार जुनी आहे. अकराव्या शतकातला काश्मिरी संस्कृत कवी क्षेमेंद्र याच्या 'समयमातृका' या काव्यात कंकाली नावाची एक स्त्री मिठाची ओझी वाहणाऱ्या हमालांबरोबर हा डोंगर ओलांडते. तिथे या डोंगराचं नाव पंचालधारा आहे आणि वाटेचं नाव मिठाची वाट. काश्मीरात मीठ पिकत नाही. ते पंजाबच्या मिठाच्या डोंगरांतून यायचं, माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून. वाटेवरचं आजचं हिरपोरा म्हणजे तेव्हाचं शूरपूर. नवव्या शतकात अवंतिवर्मा राजाचा मंत्री शूर यानं ते वसवलं, आणि खोऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करणारी चौकी तिथे होती. आम्हालाही वाटेत तीन ठिकाणी आधार कार्ड दाखवावं लागलं. हजार-अकराशे वर्षांत चौकीची रीत काही बदललेली नाही.

पंचालचं पंजाल झालं आणि पुढे 'पीर' लागला. डोंगर तोच राहिला, आणि त्यावरून मीठ वाहणारा माणूसही तोच राहिला. त्याच्या पाठीवरचं ओझं काही कमी झालं नाही.

मग मुघलांनी केलं काय? त्यांनी वाट रुंद केली, मजबूत केली, ठरावीक अंतरावर सराया बांधल्या. अकबराच्या पहिल्या स्वारीआधी कासिम खान या सरदाराला रस्त्याच्या कामासाठी पुढे पाठवलं होतं. अबुल फजलनं त्याच्याबरोबरच्या माणसांचा आकडा दिला आहे : तीन हजार पाथरवट आणि दगडफोडे, शिवाय दोन हजार बेलदार. हा आकडा वाचताना मी थांबलो. बेलदार! हा शब्द शिकायला आपल्याला फारसीच्या कोशाकडे जावं लागत नाही. आपल्या गावोगावी बेलदार आहेत, पाथरवट आहेत. दरबारी इतिहासात कासिम खानाचं नाव आहे, बादशहाच्या मुक्कामांच्या तारखा आहेत, कुठे शिकार झाली तेही आहे. त्या पाच हजारांतल्या एकाचंही नाव नाही. किती कड्यावरून घसरले, किती थंडीनं गेले, त्याची नोंद कोणी केली नाही.

बफलियाज सोडल्यावर रस्ता सुरण नदीच्या कडेनं बहरामगल्ल्याकडे जातो. इथून खरं जंगल सुरू होतं. दोन्ही बाजूंना देवदार आणि चीड, मध्ये खळाळणारं पांढरं पाणी. बहरामगल्ल्याजवळ नूरी छंब नावाचा धबधबा आहे. नूरजहाँ बेगम इथे थांबायची म्हणून हे नाव पडलं, असं लोक सांगतात. चंडीमढ मागे पडलं की वळणं आवळत जातात. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला अशी दरी की गाडीतल्या गाडीत आपण आपोआप डोंगराच्या बाजूला सरकून बसतो. पोशाण्याच्या पुढे झाडं खुजी होतात, मग भूर्जाची पांढरट खोडं दिसतात, आणि त्यानंतर झाड असं उरतच नाही. नुसतं गवत, दगड, आणि घळींत साचून राहिलेला जुना बर्फ. खाली राजौरीत आम्ही घामानं भिजलो होतो. चार-पाच तासांत स्वेटर, मफलर, कानटोपी सगळं अंगावर आलं.

ऋतूंच्या या उड्या साडेतीनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच डॉक्टरनंही टिपल्या होत्या. फ्रान्स्वा बर्नियर हा दानिशमंद खान या विद्वान उमरावाच्या पदरी होता आणि औरंगजेबाच्या काश्मीर स्वारीत सामील झाला होता. तासाभरात आपण उन्हाळ्यातून हिवाळ्यात आलो, असं तो पत्रात लिहितो. पण त्याच्या पत्रांतल्या दुसऱ्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट हमालांची. भिंबर हे डोंगराच्या पायथ्याचं गाव, आज ते नियंत्रण रेषेच्या पलीकडे आहे. तिथून पुढे उंट आणि बैलगाड्या चालत नसत. मग बादशहा, बेगमा, उमराव, त्यांचे तंबू, गालिचे, भांडीकुंडी हे सगळं माणसांच्या पाठीवर चढायचं. एकूण किमान तीस हजार हमाल लागतील असा हिशोब बर्नियरनं ऐकला आणि लिहून ठेवला. त्यांतले बरेच काश्मीरच्या सुभेदारानं आणि आसपासच्या राजांनी गोळा करून दिलेले होते. एका बादशहाला थंड हवेत उन्हाळा काढायचा, आणि त्यासाठी तीस हजार पाठी वाकायच्या.

दुसरी गोष्ट हत्तींची. पीर पंजालच्या चढावर बेगमांच्या स्वारीतला एक हत्ती समोरचा चढ पाहून बिथरला आणि मागे सरकला. तो मागच्या हत्तीवर आदळला, तो त्याच्या मागच्यावर, आणि असे पंधरा हत्ती दरीत गेले. बर्नियर म्हणतो की बायका तीन-चारच दगावल्या, पण हत्ती एकही वाचवता आला नाही. दोन दिवसांनी तो तिथून गेला तेव्हा काही हत्ती अजून सोंड हलवत होते. माहुतांचं काय झालं, हे तो लिहीत नाही.

याच घाटाची आणखी एक हत्तींची गोष्ट कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त आहे. ती बाराव्या शतकात लिहिलेली आणि त्याहूनही कितीतरी जुन्या काळातली. हूण राजा मिहिरकुल या घाटातून जात असताना त्याचा एक हत्ती कड्यावरून पडला. त्याची किंकाळी राजाला इतकी आवडली की त्यानं आणखी शंभर हत्ती ढकलायला लावले. अलियाबाद सरायजवळच्या एका कड्याला आजही हस्तिवंज म्हणतात. एकाच घाटातल्या या दोन गोष्टी. एक राजा इस्लामपूर्व काळातला, दुसरा मुसलमान. पहिल्यात क्रौर्य आहे, दुसऱ्यात अपघात. पण दोन्हीकडे हत्ती मुकाट मेले, आणि दोन्हीकडे हत्ती हाकणाऱ्याला नाव नाही. म्हणून मला वाटतं, राजांचा धर्म तपासत बसण्यापेक्षा हत्तीखाली कोण आलं हे विचारलं, तर इतिहास जास्त खरा कळतो.

आता आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला धागा. बर्नियरच्या पत्रांवर १६६४-६५ हे साल पडलेलं आहे, पण दरबारी इतिहासाप्रमाणे औरंगजेबाची काश्मीर स्वारी १६६३ ची. त्याच वर्षी ५ एप्रिलच्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घातला आणि शाहिस्तेखानाची बोटं छाटली गेली. जदुनाथ सरकार लिहितात की ही खबर बादशहाला मे महिन्याच्या सुरुवातीला, काश्मीरच्या वाटेवर असताना कळली. डोळ्यांपुढे आणून बघा : पुढे पीर पंजालचा बर्फ, मागून आलेली दख्खनची बातमी. खानाची बदली पुढे बंगालला झाली. औरंगजेब काश्मीरला परत कधीच गेला नाही. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं त्यानं दख्खनमध्ये, छावणीत काढली. १७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला आणि खुलताबादला दफन झाला. त्याच्या कबरीवर छत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे.

लाल महालाची गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा सगळी मुलं कान टवकारून ऐकतात, आपलीही. ऐकावीतच. तो आपल्या मातीतला पराक्रम आहे, आणि तो मनापासून सांगायला मुसलमान शिक्षकाला कुठलीही अडचण वाटायचं कारण नाही. मी त्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारतो : पुण्याहून पीर पंजालच्या पायथ्यापर्यंत ही बातमी महिन्याभरात कोणी नेली? घोडा बदलत, नद्या ओलांडत धावलेल्या त्या हरकाऱ्यांचा धर्म, जात, गाव कोणता होता? हा प्रश्न टाकला की मुलं बाजू घेणं सोडून विचार करू लागतात.

पीर की गलीला आम्ही दुपारी पोचलो. तिथे एक छोटी जियारत आहे, हिरवे झेंडे आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. वारा असा की ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागतो. शेख अहमद करीम या बुजुर्गांनी इथे इबादत केली, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. ट्रकचालकही दुआ मागितल्याशिवाय उतार सुरू करत नाहीत. बर्नियरलाही इथे लांब पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा फकीर भेटला होता, जहांगीरच्या काळापासून माथ्यावर राहणारा. त्याचा धर्म कोणता ते कोणालाच ठाऊक नव्हतं, असं बर्नियर स्पष्ट लिहितो. फकिरानं मातीच्या पेल्यांत पाणी ठेवलं होतं. ते प्या आणि गप्प निघून जा, एवढंच त्याचं सांगणं. इथे गोंगाट केला तर वादळ उठतं, असं तो म्हणे. शाहजहाननं आणि औरंगजेबानं त्याचं ऐकलं. जहांगीरनं मात्र थट्टा करून नगारे आणि कर्णे वाजवायला लावले आणि मरतामरता वाचला, असं फकिरानं बर्नियरला सांगितलं.

त्या जहांगीरचा शेवटही याच वाटेवर झाला. ऑक्टोबर १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना तो वारला. राजौरीच्या खाली चिंगस सराय आहे. नूरजहाँनं मृत्यूची बातमी फुटू नये म्हणून बादशहाची आतडी इथे पुरली आणि बाकीचा देह लाहोरला नेला, असं परंपरा सांगते. सरायचं नावच आतड्यावरून पडलं म्हणतात. ती छोटी कबर आम्ही येताना पाहिली. सगळ्या हिंदुस्थानचा बादशहा, आणि इथे त्याची एवढीच जागा.

मुघल गेल्यावरही वाट चालू राहिली. १८१९ मध्ये रणजितसिंगांची फौज याच बाजूनं उतरली आणि शोपियानजवळ लढाई जिंकून तिनं काश्मीर घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झेलमच्या काठानं चाकांचा रस्ता झाला, पुढे बनिहालचा झाला, आणि चाक न चालणारी ही वाट मागे पडली. १९४७ मध्ये भिंबरकडचं तोंडच तुटलं. जुन्या वाटेवर पक्की सडक करायची कल्पना शेख अब्दुल्लांच्या काळात, १९७९ च्या सुमारास पुढे आली. काम सुरू झालं, दहशतवादाच्या वर्षांत थांबलं आणि २००५ नंतर पुन्हा धरलं गेलं. रस्ता हिरपोरा अभयारण्यातून जातो. तिथे मारखोर ही पिळदार शिंगांची दुर्मीळ रानबकरी राहते, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ पासून लहान गाड्या धावू लागल्या.

राजे, फौजा, सरकारं बदलली, पण एका समाजानं ही वाट कधी सोडली नाही. ते म्हणजे गुज्जर-बकरवाल. उन्हाळा लागला की राजौरी-पुंछच्या उतारावरून शेळ्या-मेंढ्या, घोडे, कुत्रे, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेऊन ते वरच्या कुरणांकडे निघतात. पुंछकडे या कुरणांना ढोक म्हणतात, काश्मीरकडे मर्ग. पोशाण्याच्या वर त्यांचा एक कळप आला आणि आमची गाडी अर्धा तास थांबली. कळपामागच्या वृद्ध गृहस्थांना आम्ही सलाम केला. त्यांनी दगडावर घोंगडी टाकून आम्हाला बसवलं. बोलणं उर्दूत झालं.

"बाबा, किती दिवस चालताय?"

"आज पंधरावा. अजून तीन-चार लागतील. पाऊस आला तर जास्त."

"सडक झाल्यानं बरं झालं का?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजारी माणूस आता दवाखान्यात जिवंत पोचतो, हे चांगलं झालं. पण गाड्या थांबत नाहीत, बकऱ्या खाली येतात. आणि रात्री उतरायच्या जागा कमी झाल्या, हे वाईट झालं."

"ही मुघल रोड, बादशहांची..." माझा मित्र म्हणाला.

बाबा हसले. "बादशहा किती वेळा आले असतील, बेटा? आम्ही दर वर्षी दोनदा येतो. जाताना आणि येताना."

अकबर काश्मीरला तीनदा गेला. औरंगजेब एकदा. बकरवाल किती वेळा गेले, याचा हिशोब मांडायला तवारीख अपुरी पडेल.

माथ्यावरून उतरताना अलियाबाद सरायचे जुने दगडी अवशेष रस्त्यापासून थोडे दूर, गवतात दिसतात. शाहजहानच्या काळातल्या अली मर्दान खानाचं नाव तिच्याशी जोडतात. त्या पडक्या ओवऱ्यांत मेंढपाळ आजही वादळात आसरा घेतात. बादशहासाठी बांधलेली सराय शेवटी ज्याला गरज होती त्याच्या कामी आली. खाली दुबजन, मग हिरपोऱ्याचं घनदाट जंगल, बाजूनं वाहणारी रंबियारा नदी, आणि शेवटी शोपियानच्या सफरचंदाच्या बागा.

मुघलांचा इतिहास पुस्तकातून काढून टाकावा, असं मला अजिबात वाटत नाही. तो काढला तर मिठाच्या वाटेपासून डांबरापर्यंतच्या या रस्त्यात मधला मोठा खड्डा पडेल, आणि लाल महालाची गोष्टही अर्धीच राहील. पण त्या इतिहासाचे वकील होण्याचीही आपल्याला गरज नाही. बादशहा आपले आजोबा नव्हते. मराठी मुसलमान म्हणजे अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार, मोमीन, मुलाणी. आपले पूर्वज हत्तीच्या अंबारीत बसलेले नव्हते. ते कुठे असलेच, तर रस्ता फोडणाऱ्यांत, ओझं वाहणाऱ्यांत, हत्यारांना धार लावणाऱ्यांत असतील. तिथे ते एकटेही नव्हते. शेजारच्या हिंदू मुलाचे पूर्वजही त्याच रांगेत होते.

शाळा उघडल्यावर सातवीच्या मुलांना मी एक काम दिलं : घरी विचारून या, तुमच्या पणजोबांचं काम काय होतं? उत्तरं आली. विड्या वळणं, गाद्या भरणं, बैलांना नाल मारणं, मळ्यात पाणी देणं. एका मुलीनं वहीत लिहिलं होतं की तिचे पणजोबा आणि पणजी घाटातल्या सडकेवर खडी फोडायला जायचे. कोणता घाट, ते तिच्या आजीलाही आठवत नाही. मी तिला ते वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं. नंतर फळ्यावर अबुल फजलचा तो आकडा लिहिला, तीन हजार पाथरवट आणि दोन हजार बेलदार, आणि आम्ही मुघलांचा धडा तिथून सुरू केला.